सतरा घड्याळं आणि एक शिक्का

डोळे मिटा. नको, राहू द्या. मिटलेत तर पुढचं वाचणार कोण? उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा. एक लांबच लांब दालन आहे. भिंतीला पाठ लावून सतरा आजोबा ओळीनं उभे आहेत. प्रत्येकाचं पोट काचेचं, पोटात पितळेचा लंबक इकडून तिकडे हलतोय. आणि तुम्ही विचारलंत, "आजोबा, किती वाजले?" तर सतरा जण सतरा उत्तरं देतात, तेही चेहऱ्यावरची रेष न हलवता. आता यांच्यासमोर अठरावे आजोबा आणून उभे करा. हे मात्र हाडामांसाचे, आणि यांना जन्मात एका मिनिटाची चूक कधी खपलेली नाही.

झालं. गोष्ट सुरू झाली.

या अठराव्या आजोबांना इमारतीतले लोक 'सव्वानऊ' म्हणत. अर्थात पाठीमागे. पाणीपुरवठा कार्यालयात त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली आणि एकतीस वर्षं बरोबर सव्वानऊला जिन्याची पहिली पायरी उतरले. लोक त्यांच्या चपलांच्या आवाजावर आपापली घड्याळं लावत. निवृत्तीनंतरही ते सव्वानऊला खाली उतरत, फाटकापर्यंत जात, आणि पुढे काय करायचं ते न सुचल्यामुळे परत वर येत.

त्यांच्या बैठकीत ठोके देणारं, लंबकाचं एक जुनं घड्याळ होतं. भिंतीपलीकडे राहत निवृत्त स्टेशनमास्तर. त्यांच्याकडेही तसंच एक घड्याळ होतं. दोन्ही घड्याळं एकाच क्षणी ठोके देत, आणि समोरचा माणूस आपलं ऐकून वेळ लावतो, असं दोघांचंही ठाम मत होतं. हे भांडण बारा वर्षं जुनं होतं आणि दोघांची तब्येत त्याच्यावरच टिकून होती.

हे घड्याळांचं लक्षात ठेवा. शेवटी लागणार आहे.

तर अशा घरावर एके दिवशी वीज कोसळली. वीज म्हणजे शाळेच्या डायरीतल्या दोन ओळी. 'आपल्या पाल्यास काट्यांचे घड्याळ वाचता येत नाही. सोमवारी पुन्हा चाचणी घेण्यात येईल.' पाल्य म्हणजे आजोबांची नात. इयत्ता तिसरी. एका जागी दोन मिनिटं टिकत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. तिच्या मनगटावर मामानं दिलेलं आकड्यांचं घड्याळ होतं. दहा बावन्न म्हणजे दहा बावन्न. काटे बघायची तिला गरजच पडली नव्हती.

"शिकवणी लावूया का, बाबा?" सूनबाईंनी भीत भीत विचारलं.

"शिकवणी?" आजोबा ताडकन उभे राहिले. "माझ्या नातीला घड्याळाची शिकवणी? उद्या माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवायला माणूस ठेवाल! सोमवारच्या आत मी शिकवतो. नाही शिकवलं तर त्या भिंतीवरचं घड्याळ उतरवून मास्तरांना देऊन टाकीन!"

असं बोलताना आधी भिंतीपलीकडे कोण राहतं याचा विचार करावा. पलीकडून लगेच आवाज आला, "खिळा मी आजच ठोकून ठेवतो!"

चार दिवस आजोबांनी शिकवलं. चार दिवस ते एकाच जागी अडकले.

"लांब काटा आठावर आहे. म्हणजे किती मिनिटं?"

"आठ."

"चाळीस. आठ पंचे चाळीस."

"पण पाच तर तिकडे खाली आहेत, आजोबा."

"ते पाच नव्हेत गं, हे पाच वेगळे!"

"मग दाखवा ना कुठे आहेत."

आता सांगा, काय दाखवणार? आजोबांनी पाणी मागितलं. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशी टेप गळ्यात घालून वर आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "मुलं एका गोष्टीला कंटाळतात. एकाच घड्याळावर किती दिवस घासणार? चार ठिकाणची चार घड्याळं दाखवा."

"माझ्या स्टेशनवर न्या," मास्तर दारातून म्हणाले.

"तुमच्या स्टेशनवरचं घड्याळ दोन वर्षं बंद आहे."

"म्हणून तर! काटे हलत नाहीत. शिकायला सोपं."

आजोबांनी मावशींचा सल्ला उचलला आणि त्याला आपला गुणाकार लावला. चारच कशाला? गावाच्या टोकाला जुना राजवाडा होता. त्याचं आता संग्रहालय झालं होतं आणि त्यात फक्त पुराण्या घड्याळांचं एक दालन होतं. शनिवारी सकाळी आजोबा नातीला घेऊन निघाले. इमारत खिडक्यांत उभी होती. लढाईवर जाणाऱ्याला सुद्धा इतके लोक निरोप द्यायला येत नसतील.

वाड्याच्या फाटकावर छत्री ठेवून घेतली. आतल्या दारावर पिशवी ठेवून घेतली. तिसऱ्या दारावर पहारेकऱ्यानं भिंगरीच्या हातातली वही आणि पेन्सिल पाहिली.

"चित्र काढणार? मग रेखाटनाचा अर्ज लागेल. दोन प्रतींत. अधीक्षकबाईंकडे."

दुसरा कोणी चिडला असता. आजोबांचा चेहरा मात्र खुलला. दोन प्रतींतला अर्ज भरून त्यांना दोन वर्षं झाली होती. 'रेखाटनाचा उद्देश' या रकान्यात त्यांनी वळणदार अक्षरात 'ज्ञानार्जन' असं लिहिलं. अधीक्षकबाई फोनवर बोलत होत्या. त्यांनी न बघता शिक्का उचलला, गादीवर टेकवला, अर्जावर उमटवला. न बघता उमटवलेला शिक्का इतका सरळ आलेला पाहून आजोबांना मनापासून आदर वाटला.

आजोबांची योजना साधी होती. भिंगरीनं एकेका घड्याळासमोर उभं राहायचं, काटे दिसतील तसे काढायचे, मिनिटांच्या बारीक रेघा मोजून, आणि चित्राखाली आपल्या मनगटावरचे आकडे लिहायचे. चित्रातले काटे आणि खालचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की पोरीच्या डोक्यात प्रकाश पडेल.

योजनेत काही खोट नव्हती. खोट दालनात होती.

"आजोबा," तिसऱ्या घड्याळापाशी भिंगरी म्हणाली, "यातलं खरं कोण बोलतंय?"

आजोबांनी आपलं मनगटी घड्याळ पाहिलं. दहा बावन्न. दाराजवळचं पहिलं घड्याळ, दहा बावन्न. शाब्बास. दुसरं, दहा शेहेचाळीस. तिसरं, दहा चाळीस. पुढचं तर अजून साडेदहाही वाजायला तयार नव्हतं. त्यांनी पूर्ण ओळीवरून नजर फिरवली. पहिलं सोडलं तर सोळाच्या सोळा मागे! कुठलं सहा मिनिटं, कुठलं पाऊण तास!

"तू काढत राहा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले आणि बाकावर बसले. डोळे मिटून विचार करायला लागले. हा विचार जरा लांबला. मध्येच तो घोरायलाही लागला होता, असं पुढे उघडकीला आलं.

जागे झाल्यावर, म्हणजे विचार संपल्यावर, त्यांनी पहारेकऱ्याला गाठलं. "या घड्याळांकडे बघतं कोण?"

"चावीवाले काका. ते आत्ताच मनोऱ्यावर गेले, मोठ्या घड्याळाला चावी द्यायला. एकशे बारा पायऱ्या आहेत. जेवायच्या वेळेपर्यंत येतील."

"ही घड्याळं चुकीची आहेत, हे तुमच्या लक्षात आलं नाही?"

"मी दार बघतो," पहारेकरी नम्रपणे म्हणाला. "घड्याळं बघायचा हुकूम नाही."

आजोबा तडक कचेरीत गेले. तक्रारवही मागितली. 'तक्रारीचे स्वरूप' आणि 'सुचवलेली दुरुस्ती' हे दोन्ही रकाने भरले, आणि सोळा घड्याळं तत्काळ बरोबर लावावीत असं लिहिलं. अधीक्षकबाई अजून फोनवरच होत्या. त्यांनी न बघता दुसरा शिक्का उचलला. ठप्प. 'योग्य ती कार्यवाही करावी.'

आता इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी. हाच शेरा आजोबांनी स्वतः एकतीस वर्षं लोकांच्या अर्जांवर मारला होता. नळाला पाणी नाही, योग्य ती कार्यवाही करावी. पाण्याला नळ नाही, योग्य ती कार्यवाही करावी. एकतीस वर्षांत हा शेरा वाचून कोणी जागचं हललं होतं, असं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. पण निवृत्तीनंतर माणूस हळवा होतो. आजोबा त्या शिक्क्याकडे बघत राहिले. कार्यवाही करावी. कुणी करावी? तसं कुठे लिहिलं होतं? आणि आत्ता इथे दुसरं होतं तरी कोण?

त्यांनी वही पहारेकऱ्याच्या नाकासमोर धरली. पहारेकऱ्यानं शिक्का वाचला आणि म्हणाला, "शिक्का आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला. स्टूल आणू?"

पहारेकऱ्यानं घड्याळांपुढची दोरी सोडली, स्टूल धरलं आणि आजोबा वर चढले. काम मात्र त्यांनी चोख केलं, ते नाकारता येणार नाही. काटा कधी उलटा फिरवायचा नाही, वाटेत ठोके पडले तर पडू द्यायचे, हे त्यांना ठाऊक होतं. एकेक काचेचं दार उघडायचं, लांब काटा पुढे सरकवायचा, दार लावायचं, खाली उतरायचं. पाचव्या घड्याळापासून ते शीळ घालायला लागले.

"आजोबा, हात लावू नये असं लिहिलंय," भिंगरी म्हणाली.

"ते लोकांसाठी."

"आणि आपण कोण?"

"आपण कार्यवाही," आजोबा म्हणाले.

बाराला पाच कमी असताना सतरावं घड्याळ लागलं. आजोबा दालनाच्या मधोमध येऊन उभे राहिले. सतरा मोठे काटे एका रेषेत! त्यांचा ऊर भरून आला. "बघ भिंगरे. याला म्हणतात वेळ. आता बाराला सगळी एकदम काय सांगतात ते ऐक."

आणि सगळ्यांनी एकदम सांगितलं.

सतरा घड्याळांचे बारा बारा ठोके म्हणजे दोनशे चार. हा गुणाकार तुम्ही कागदावर करून बघा; कानांनी करू नका. एक ढण ढण करत होतं, एक किणकिणत होतं, एक म्हाताऱ्यासारखं खाकरत होतं, एकातून पत्र्याचा पक्षी बाहेर आला आणि घाबरून आतच जाईना. खिडक्यांची तावदानं थरथरली. वरच्या झुंबरावर बसलेली कित्येक वर्षांची धूळ सुटली आणि थेट खाली उभ्या असलेल्या आजोबांच्या डोक्यावर बसली. पहारेकरी स्टुलाखाली शिरायला बघत होता, पण स्टूल लहान होतं. अधीक्षकबाई फोन हातात घेऊनच धावत आल्या, आणि पलीकडचा माणूस फोनमधून ओरडत होता, "काय कोसळलं? काय कोसळलं?"

बारावा ठोका पडला. शांतता झाली. मग मनोऱ्याच्या जिन्यावरून पावलं ऐकू आली. एकशे बारा पायऱ्या कोणीतरी धडाधड उतरत होतं.

चावीवाले काका दारात आले. किडकिडीत, पांढरे हातमोजे घातलेले गृहस्थ. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते सतराच्या सतरा घड्याळांकडे बघत राहिले आणि मटकन बाकावर बसले.

"कोणी केलं?"

पहारेकऱ्यानं निमूटपणे तक्रारवही पुढे केली. काकांनी शिक्का वाचला आणि अधीक्षकबाईंकडे पाहिलं. अधीक्षकबाईंनी झुंबराकडे पाहिलं.

"ती चुकीची होती," आजोबा म्हणाले. डोक्यावर धूळ असताना ताठ बोलणं फार अवघड असतं. "मी फक्त बरोबर केली."

"चुकीची नव्हती हो," काका म्हणाले. "मागे ठेवली होती. एकाचं बोलून झालं की दुसऱ्यानं बोलायचं. माझ्या गुरुजींनी तीन वर्षं कानांनी ऐकून प्रत्येकाची पाळी बांधली होती. जवळजवळ पाऊण तास फेरी चालते. रोज तीनला लोक इथे येऊन नुसते डोळे मिटून बसतात, ऐकायला. आता तीनला काय ऐकवू? हे?"

"पण पाटी तरी लावायची!"

काकांनी दालनाचं दार ओढून लावलं. दारामागे भिंतीवर सुबक अक्षरांत पाटी होती: 'येथील घड्याळे मुद्दाम मागे ठेवली आहेत.' दार दिवसभर उघडं असे. पाटी वाचायची तर संग्रहालय बंद झाल्यावर यायला हवं होतं.

"पाळ्यांची नोंद असेल ना कुठे?" अधीक्षकबाईंनी विचारलं.

"होती. सातव्या घड्याळाच्या पोटात कागद ठेवला होता. कसरीनं खाल्ला. तेव्हापासून घड्याळं हीच नोंद होती."

आजोबा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून कुणाचं फारसं भलं झालं नसेल, पण कुणाचं काही मोडलंही नव्हतं. कारण कार्यवाहीच झाली नव्हती. आज आयुष्यात पहिल्यांदा कार्यवाही केली, आणि एका माणसाच्या गुरूची तीन वर्षं अर्ध्या तासात पुसून टाकली. वर नात समोर उभी. सोमवारी ती चाचणीत काय लिहिणार? 'माझ्या आजोबांना वेळ कळत नाही'?

"पण मी काढलीत ना सगळी," भिंगरी म्हणाली.

कोणी लक्ष दिलं नाही. मोठी माणसं दुःखात असली की बहिरी होतात.

"मी काढलीत!" तिनं वहीच काकांच्या मांडीवर ठेवली. "काटे होते तसेच. आणि खाली माझ्या घड्याळाची वेळ."

काकांनी पान उलटलं. अजून एक उलटलं. मग खिशातून चष्मा काढला. चित्रं वाकडीतिकडी होती, पण मिनिटांच्या रेघा एकूण एक मोजलेल्या. "हे तिसरं. हिच्या घड्याळात दहा बावन्न. आणि चित्रात..."

"लांब काटा आठावर," भिंगरी म्हणाली. आजोबा तोंड उघडणार होते, पण त्यांनी ते हातानं दाबून धरलं. भिंगरी बोटानं बारापासून मोठ्या रेघांवरून खाली उतरत, वळून वर चढत गेली. "पाच, दहा, पंधरा... चाळीस." तिनं मान वर केली. "आजोबा! पाच इथे होते! प्रत्येक दोन आकड्यांच्या मध्ये!"

"तेच तर मी चार दिवस..." आजोबा म्हणाले आणि पुन्हा तोंड दाबलं.

"दहा चाळीस. म्हणजे हे बारा मिनिटं मागे होतं!"

मग काय, पान उलटायचं, रेघा मोजायच्या, वजाबाकी करायची. सहा, बारा, चोवीस, नऊ, सोळा. काका खडूनं फरशीवर आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावत गेले. अकरावं पान आलं आणि सगळे थांबले. त्या पानावर घड्याळ नव्हतं. बाकावर बसलेला, तोंड उघडं टाकलेला एक मिशीवाला माणूस होता, आणि त्याच्या तोंडातून घर्र घर्र निघत होतं.

"मी विचार करत होतो," आजोबा म्हणाले.

"छान जमलाय हो," अधीक्षकबाई म्हणाल्या.

अकराव्याचं काय करायचं? काका डोकं धरून बसले. भिंगरी फरशीवरच्या आकड्यांसमोर उकिडवी बसली. "चोवीस, सत्तावीस, तेहतीस, छत्तीस. इथे एक दात पडलाय," ती म्हणाली. "सत्तावीस आणि तेहतीसच्या मध्ये."

"तीस!" काका एकदम उभे राहिले. "बरोबर! ते खाकरत वाजतं, त्याला दोन्हीकडे मोकळी जागा लागते, असं गुरुजी म्हणायचे!"

आता घड्याळं मागे न्यायची होती आणि काटे तर उलटे फिरवायचे नसतात. मग? काकांनी सोळा लंबक एकामागून एक हातानं धरून थांबवले. ज्याला जितकी मिनिटं मागे राहायचं, तितकी मिनिटं त्यानं गप्प उभं राहायचं. पहिलं घड्याळ तेवढं चालू राहिलं. त्या दालनात इतकी शांतता कोणी कधी ऐकली नव्हती. काकांनी हातमोजे काढून भिंगरीच्या हातात चढवले. ते कोपरापर्यंत आले. ती मनगटावरचे आकडे बघायची, फरशीवरचे आकडे बघायची, आणि वेळ झाली की लंबक एका बाजूला नेऊन हळूच सोडायची. टिक. मग दुसरं. टिक. दोन मिनिटं एका जागी न टिकणारी ती पोर अठ्ठेचाळीस मिनिटं त्या दालनातून हलली नाही.

आजोबांकडेही काम होतं. त्यांना स्टूल धरायला दिलं होतं. आणि फक्त स्टूल, दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही, असं काकांनी दोनदा बजावलं होतं.

तीनला माणसं आली, बाकांवर बसली, डोळे मिटले. पहिल्यानं तीन ठोके दिले आणि थांबलं. मग दुसरं. मग तिसरं. खाकरणारं म्हातारं आलं तेव्हा सगळे त्याचं संपेपर्यंत थांबले होते. आजोबांनीही डोळे मिटले. या वेळी खरोखर ऐकायला.

निघताना अधीक्षकबाईंनी त्यांच्याकडून लेखी खुलासा घेतला. तो वाचून त्यांचा हात सवयीनं शिक्क्याकडे गेला. तेवढ्यात पहारेकऱ्यानं शिक्का उचलून खिशात घातला.

घरी पोचेपर्यंत साडेसहा वाजले. बैठक माणसांनी भरलेली होती. "आलं का घड्याळ?" "डोक्यावर काय पडलं?" "मी म्हटलं होतं, स्टेशनवर न्या!" "पोरीला आधी काहीतरी खायला द्या गं!" मास्तर, मावशी, सूनबाई, सगळे एकदम बोलत होते आणि कोणाचंच कोणाला कळत नव्हतं. आजोबा खुर्चीत बसले होते. सांगायचं खूप होतं, पण मधे शिरायला फट सापडत नव्हती.

सातला पाच मिनिटं कमी होती. भिंगरीनं स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि आजोबांच्या घड्याळाचं काचेचं दार उघडलं.

आजोबा खुर्चीच्या कडेला सरकले. बारा वर्षांत त्या घड्याळाला त्यांच्याशिवाय कोणी हात लावला नव्हता. भिंगरीनं लंबक बोटानं धरला आणि मनगटावरच्या आकड्यांकडे बघत उभी राहिली. एक मिनिट. दोन. लोक बोलतच होते. आजोबा उठले, जवळ गेले, आणि त्यांनी स्टूल धरलं.

तीन मिनिटं झाली. तिनं लंबक सोडला.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडे सात ठोके पडले. एकटेच. मऊ, जरासे खोल. सगळे बोलायचे थांबले. मास्तरांचं घड्याळ असं वाजतं, हे आजोबांना बारा वर्षांत आज कळत होतं.

"अरेच्चा!" मास्तर टाळी वाजवून उठले. "तुमचं बंद पडलं की काय? खिळा तयारच आहे हं माझ्याकडे!"

भिंगरीनं स्टुलावरूनच ओठांवर बोट ठेवलं. "बसा, मास्तरआजोबा," ती म्हणाली. "तुमची पाळी झाली. आमची तीन मिनिटांनी."